सर्व्हरवर आत्ता नेमके काय चालू आहे?

काही वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यातील पाळोळ्याच्या एका लहान हॉटेलच्या मालकांचा फोन आला. पर्वरीत आमचा आठ जणांचा गट आहे आणि आम्ही लहान हॉटेलांसाठी आरक्षण व बिले यांचे सॉफ्टवेअर करतो. पावसाळ्यातील सवलतीचा नवा हिशेब आम्ही दोनच दिवसांपूर्वी सुरू केला होता आणि त्यात प्रत्येक बिलाची बेरीज एका रुपयाने चुकत होती. ‘भाई, तासाभरात दुरुस्त करून देतो,’ असे मी त्यांना सांगून बसलो. चूक शोधून ती ओळ बदलायला वीस मिनिटे लागली. ती बदललेली ओळ हॉटेलच्या काउंटरपर्यंत नीट पोहोचायला तीन दिवस लागले.

नवी आवृत्ती तयार करून सर्व्हरवर चढवण्याचे काम आमच्यापैकी एकच जण करत असे. तो सत्तरीतील आपल्या गावी गेला होता, तिथे फोनला रेंज नव्हती, आणि ज्या लॅपटॉपवरून तो हे काम करी तो ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होता. शेवटी मी तोच कोड घेऊन माझ्या संगणकावर आवृत्ती तयार केली आणि चढवली. रुपयाची चूक गेली, पण छापील बिलांवर रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसू लागला, कारण पीडीएफ तयार करणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, माझ्या संगणकावर वेगळ्या आवृत्तीची होती. निदान आधीचे होते ते तरी परत लावावे म्हटले, तर आधी नेमके काय होते हेच कुणाला सांगता येईना. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर असे काही बदल होते जे त्याने सामायिक कोडमध्ये कधी जमाच केले नव्हते.

बिल्ड आणि डिप्लॉयमेंट या विषयावर साधनांच्या नावांची जंत्री देणारे लेखन भरपूर सापडते आणि नवख्या माणसाला त्यातून धास्तीच अधिक वाटते. माझ्या मते हा सगळा पसारा एका साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्षणी, कोणालाही देता यावे म्हणून उभा आहे: सर्व्हरवर आत्ता नेमके काय चालू आहे, आणि ते कुठून आले? पुढे ज्या ज्या पद्धती येतील त्या या प्रश्नाशी ताडून पाहिल्या, तर त्या का निर्माण झाल्या हे आपोआप उलगडत जाते.

लिहिलेला कोड आणि चालणारा कोड

प्रोग्रामर जे लिहितो ते आणि सर्व्हरवर किंवा फोनवर जे चालते ते, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, त्याला लागणाऱ्या, इतरांनी लिहिलेल्या लायब्ऱ्या गोळा करणे, चित्रे, फॉन्ट आणि भाषांतरे यांच्या फायली जागच्या जागी ठेवणे आणि या सगळ्याचे एक गाठोडे बांधणे, या कामाला बिल्ड म्हणतात. ज्या यंत्रावरून लोक ते वापरणार आहेत तिथे ते गाठोडे नेऊन चालू करणे म्हणजे डिप्लॉयमेंट. लहान प्रकल्पात ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून, एकाच बैठकीत होतात आणि म्हणून ती एकच वाटतात. बहुतेक गोंधळाचे मूळ तिथेच असते.

या दोन वस्तूंमधील अंतर किती फसवे आहे, याची गोष्ट जवळपास पन्नास वर्षे जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये १९७६ साली स्टीव्ह जॉन्सन या संगणकतज्ज्ञाची एक अख्खी सकाळ एका चुकीचा माग काढण्यात वाया गेली. चूक कोडमध्ये दुरुस्त झालेलीच होती, परंतु ती फाइल पुन्हा कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलेली, नसल्याने प्रत्यक्षात जुनाच प्रोग्राम चालत होता. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनाही नुकताच तसाच अनुभव आला होता, आणि त्या वैतागातून त्यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कोणत्या फायलींपासून तयार होते हे एका मजकुरात लिहून ठेवायचे. मग मेक प्रत्येक फाइलची शेवटच्या बदलाची वेळ पाहतो आणि मूळ फाइल तिच्यापासून तयार झालेल्या फाइलपेक्षा नवी असेल तर तेवढाच भाग पुन्हा तयार करतो. आजच्या बहुतेक बिल्ड साधनांच्या पोटात हीच कल्पना आहे. (मेकच्या मजकुरात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, साध्या मोकळ्या जागेने नव्हे, आणि या नियमाने आजवर अगणित नवशिक्यांना रडवले आहे. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते; पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.)

वेळेवर विसंबण्यात एक अडचण आहे. संगणकाचे घड्याळ चुकलेले असेल किंवा फायली दुसरीकडून उतरवून घेतलेल्या असतील, तर ‘नवी’ आणि ‘जुनी’ यांचा अर्थ डळमळतो. म्हणून गूगलने २०१५ साली खुल्या केलेल्या बेझलसारख्या साधनांमध्ये फाइलच्या आतील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, म्हणजे हॅश, वापरतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी खूण पूर्ण बदलते, आणि मजकूर तोच असेल तर खूणही तीच राहते. गिट हे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे, २००५ पासून प्रचारात आलेले साधन प्रत्येक कमिटला, म्हणजे जमा केलेल्या प्रत्येक बदलाला, अशीच चाळीस अक्षरी खूण देते. ही खूण पुढे आपल्या प्रश्नाच्या उत्तरात कामी येणार आहे.

आता इतरांच्या लायब्ऱ्यांकडे वळू, कारण रुपयाचे चिन्ह तिथेच हरवले होते. आजचा कोणताही प्रकल्प स्वतःच्या कोडपेक्षा कितीतरी अधिक परका कोड सोबत घेऊन फिरतो. आपण एक लायब्ररी मागवतो, ती आणखी पाच मागवते, त्या पुढे आणखी. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या एनपीएम या सार्वजनिक भांडारातून एका लेखकाने वादानंतर आपल्या लायब्ऱ्या काढून घेतल्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी होती. तिचे काम मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरण्यापलीकडे काही नव्हते. पण मोठमोठ्या प्रकल्पांच्या खाली कुठेतरी ती टेकू देऊन उभी असल्याने जगभरातील बिल्ड काही तास कोसळत राहिले, आणि शेवटी भांडाराला ती परत ठेवावी लागली. ज्यांनी एका अक्षरानेही आपला कोड बदलला नव्हता त्यांचेही बिल्ड तुटले, ही यातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

आमच्या बाबतीत लायब्ररी नाहीशी झाली नव्हती, फक्त पुढे सरकली होती. आम्ही यादीत ‘आवृत्ती २ किंवा तिच्यापुढील कोणतीही’ असे लिहिले होते, आणि सहकाऱ्याने आपल्या लॅपटॉपवर ती पूर्वी कधीतरी उतरवली तेव्हा जे मिळाले ते मला चवथीला मिळाले नाही. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. लॉकफाइल नावाची एक फाइल ठेवायची, तिच्यात प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि तिच्या मजकुराची हॅश नोंदवायची, ती फाइल कोडसोबतच जमा करायची, आणि बिल्ड करणाऱ्या यंत्राला ‘या यादीबाहेरचे काहीही घेऊ नकोस’ असे बजावायचे. लायब्ऱ्या अद्ययावत करायच्या नाहीत असा याचा अर्थ नाही, कारण जुन्या लायब्ऱ्यांत सुरक्षिततेची भोके राहून जातात. परंतु अद्ययावत करणे ही कुणीतरी ठरवून केलेली आणि नोंदलेली कृती असावी, बिल्डच्या वेळी अपघाताने घडलेली नसावी.

लायब्ऱ्यांच्या खाली आणखी एक थर असतो: ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती, फॉन्ट, वेळेचे क्षेत्र. ‘माझ्या मशीनवर तर चालते’ हे वाक्य याच थरातून येते. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने हा सगळा थरच गाठोड्यात बांधण्याची सोय सर्वसामान्य केली; अशा गाठोड्यातून चालणाऱ्या प्रोग्रामला कंटेनर म्हणतात. कंटेनरची प्रतिमा, म्हणजे इमेज, एकदा तयार झाली की ती सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आणि मुंबईतल्या सर्व्हरवर सारखेच वागते. येथेही एक फट आहे, ती म्हणजे पायाभूत इमेज ‘लेटेस्ट’ या नावाने मागवणे. लेटेस्ट ही फिरती पाटी आहे. आज ती एका इमेजवर टांगलेली असते, उद्या दुसरीवर. तिथेही नेमकी आवृत्ती किंवा हॅशच लिहावी.

दार कोण उघडते

बिल्ड कसा करायचा हे लिहून ठेवले तरी तो कुठे होतो हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर ‘कोणाच्याही लॅपटॉपवर नाही’ असे असले पाहिजे. गटातील प्रत्येकाचा बदल सामायिक कोडमध्ये येताच एका तटस्थ यंत्राने तो उचलावा, कोऱ्या जागेत बिल्ड करावा, चाचण्या चालवाव्यात आणि निकाल सर्वांना दिसेल असा लावावा, या पद्धतीला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. हे करणाऱ्या साधनांपैकी जेन्किन्स बरेच जुने आहे. ते सन या कंपनीत कोहसुके कावागुची यांनी हडसन नावाने सुरू केले, आणि ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतर झालेल्या वादातून २०११ साली त्याचे नाव बदलले. आता गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवांतच ही सोय मिळत असल्याने लहान गटाला वेगळे यंत्र सांभाळावे लागत नाही. आम्ही आधी टेबलाखाली एक जुना संगणक ठेवून पाहिला. जूनमध्ये वीज चार वेळा गेली की दुपारपर्यंत बिल्डची रांग लागलेली असे, आणि तो प्रयोग आम्ही आनंदाने बंद केला.

गोव्यातील खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली, शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मानस ठाऊक असेल: बांधात बसवलेले लाकडी दार, जे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडू देण्यासाठी उघडते. पाणी कोणाच्या शेतातले आहे हे ते विचारत नाही. पाइपलाइनमधील, म्हणजे कोड जमा होण्यापासून तो सर्व्हरवर चढेपर्यंतच्या वाटेवरील, चाचण्यांचे दार असेच असावे. चाचणी नापास झाली तर बदल पुढे जात नाही, मग तो गटप्रमुखाचा असो की परवा रुजू झालेल्या मुलीचा. ‘आज घाई आहे, चाचण्या वगळून सोडून द्या’ अशी सोय ठेवली की ती अपवाद म्हणून राहत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी तिचा वापर होऊ लागतो.

बांधाला खरा धोका एकदम येणाऱ्या लाटेपेक्षा खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांचा असतो, आणि चाचण्यांच्या बाबतीत ही बिळे म्हणजे कधी पास, कधी नापास होणाऱ्या लहरी चाचण्या. अशी एक चाचणी असली की लोक ‘पुन्हा चालवून बघ, होईल पास’ म्हणू लागतात, आणि तीन महिन्यांत खऱ्याखुऱ्या नापास चाचणीलाही तेच उत्तर मिळते. माझे मत असे की लहरी चाचणी सापडल्याच्या दिवशीच बाजूला काढावी आणि आठवड्यात दुरुस्त करावी किंवा पुसून टाकावी. नसलेली चाचणी निदान खोटा दिलासा देत नाही. दुसरी काळजी वेळेची. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी बिल्ड आणि चाचण्या मिळून दहा मिनिटांत आटपाव्यात असा दंडक घातला होता, आणि तो अजून टिकण्यासारखा आहे. त्याहून वेळ लागला की माणूस निकालाची वाट न पाहता दुसऱ्या कामाला लागतो, आणि निकाल लाल आला तेव्हा आपण काय बदलले होते हे त्याला आठवावे लागते. मुख्य ब्रँचवर, म्हणजे सर्वांच्या सामायिक कोडवर, बिल्ड तुटला तर दोष कोणाचा याची चर्चा मागाहून करावी. आधी तो बदल मागे घेऊन बाकीच्यांची वाट मोकळी करावी.

चाचण्यांतून पार पडलेले गाठोडे पुन्हा बांधायचे नाही, हा नियम अनेक गट पाळत नाहीत आणि त्याची किंमत मोजतात. पोदेर, म्हणजे गोव्यातील पाववाला, पहाटे एकदाच भट्टी लावतो आणि तेच पाव सायकलवरून दारोदार नेतो. प्रत्येक दारात तो नव्याने पीठ मळत बसत नाही. चाचणीच्या सर्व्हरसाठी एक बिल्ड आणि खऱ्या सर्व्हरसाठी दुसरा बिल्ड केला, तर आपण तपासले एक आणि लोकांना दिले दुसरेच असे होते. तेच गाठोडे सगळीकडे जावे. बदलतात ते फक्त डेटाबेसचा पत्ता, परवल्या (पासवर्ड), किल्ल्या असे बाहेरून दिलेले तपशील, आणि ते कोडमध्ये नसतातच. परवली एकदा गिटमध्ये जमा झाली की नंतर ओळ पुसून उपयोग होत नाही, इतिहासात ती राहते. अशा वेळी परवलीच बदलावी.

त्या गाठोड्यावर ज्या कमिटपासून ते बनले त्याची खूण कोरलेली असावी आणि चालू प्रोग्रामला विचारल्यास त्याने ती सांगावी. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एक छोटे पान ठेवले आहे. त्यावर कमिटची खूण, बिल्डचा क्रमांक आणि तारीख एवढेच दिसते. ते लिहायला अर्धा तास लागला असेल, आणि या लेखातील कोणत्याही उपायापेक्षा त्याने आमचा वेळ अधिक वाचवला आहे.

आठ सर्व्हर, त्यांतले सात

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर न देता आल्याची एक फार महाग घटना १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत घडली. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील मोठी दलाल कंपनी त्या दिवशी सुरू होणाऱ्या एका नव्या योजनेसाठी आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवत होती. हे काम हाताने झाले. सातांवर कोड चढला, आठवा राहून गेला, आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. नव्या कोडने एक जुना फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारा स्विच, नव्या कामासाठी वापरला होता. हाच फ्लॅग पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग चालू करण्यासाठी होता; तो भाग २००३ पासून कोणी वापरत नव्हते, तरी तो कोडमधून काढलेला नव्हता. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर तो निद्रिस्त भाग जागा होऊन शेअर खरेदी-विक्रीच्या मागण्या पूर्ण झाल्या तरी अखंड नव्या मागण्या सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

यातला सर्वांत शिकवणारा तपशील मधल्या गडबडीचा आहे. काय चालले आहे हे न कळल्याने तंत्रज्ञांनी नव्या कोडवर संशय घेतला आणि तो नीट चढलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकला. फ्लॅग मात्र चालूच राहिला, त्यामुळे जो दोष एका सर्व्हरवर होता तो आठही सर्व्हरांवर पसरला. मागे जाणे म्हणजे सुरक्षित जागी जाणे हे त्यांनी गृहीत धरले होते. बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आपणहून पाठवले होते, पण ते इशारे म्हणून पाहायचे असतात असे कोणी ठरवलेले नव्हते.

म्हणून डिप्लॉयमेंट ही एका आज्ञेने होणारी, प्रत्येक सर्व्हरवर सारखी घडणारी आणि शेवटी सर्व सर्व्हरांना ‘तुझी खूण काय’ असे विचारून उत्तरे जुळवणारी कृती असावी. ती टप्प्याटप्प्याने करण्याच्या तीन सरधोपट रीती आहेत. सर्व्हर एकेक करून बदलत जाणे ही पहिली. जुना आणि नवा असे दोन पूर्ण संच शेजारी उभे करून वाहतूक एका क्षणात नव्याकडे वळवणे, आणि बिघडल्यास तितक्याच झटकन परत वळवणे, ही दुसरी. तिला ब्लू-ग्रीन म्हणतात आणि ती खर्चिक असते. तिसरी कॅनरी: आधी थोड्याच वापरकर्त्यांना नवे द्यायचे, पाहायचे आणि मग पसरवायचे. खाणकामगार विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून कॅनरी पक्षी सोबत नेत, त्यावरून हे नाव पडले. आम्ही आधी पणजीतील दोन ओळखीच्या हॉटेलांना नवी आवृत्ती देतो, एक दिवस त्यांच्या बिलांवर नजर ठेवतो आणि मगच बाकीच्यांकडे जातो. या दोघांना आपण कॅनरी आहोत हे ठाऊक आहे आणि त्यासाठी त्यांचे शुल्क कमी आहे.

कॅनरी न वापरण्याचा परिणाम १९ जुलै २०२४ रोजी आपल्याकडेही दिसला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक अद्ययावत फाइल सर्वत्र एकदम पाठवली. ती फाइल नवा प्रोग्राम नव्हती, केवळ माहितीची फाइल होती, आणि म्हणून ती टप्प्याटप्प्याने सोडण्याची शिस्त तिला लागू नव्हती. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते आणि देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. चालूच न होणाऱ्या यंत्रापर्यंत सुधारित फाइल पोहोचत नाही. बऱ्याच यंत्रांपाशी माणसाला जाऊन बसावे लागले. कोडला जो नियम तोच माहितीच्या आणि रचनेच्या फायलींनाही हवा, हे त्या दिवशी अनेकांनी मान्य केले.

मागे जाण्याचा, म्हणजे रोलबॅकचा, खरा अडसर डेटाबेस असतो. प्रोग्राम जुना लावता येतो, पण त्याने बदललेली माहिती जुनी होत नाही. आमच्याकडे पाहुण्यांचा फोन क्रमांक एकाच रकान्यात होता. परदेशी पाहुणे वाढल्यावर देशाचा संकेतांक वेगळा करण्याची गरज पडली. जुना रकाना पुसून दोन नवे केले असते, तर त्या क्षणापासून जुनी आवृत्ती चालणे अशक्य झाले असते. त्याऐवजी नवे रकाने जुन्याच्या शेजारी घातले, नव्या कोडला दोन्हीकडे लिहायला लावले, जुनी माहिती हळूहळू नव्या रकान्यांत उतरवली, मग वाचणेही नव्यावरून सुरू केले, आणि महिनाभर काही बिघडले नाही हे पाहून जुना रकाना काढला. एका बदलाचे चार डिप्लॉय झाले, आणि महिना उलटून जुना रकाना काढेपर्यंत कोणत्याही टप्प्यावर एक पाऊल मागे येणे शक्य होते. कंटाळवाणी पद्धत आहे, परंतु माझ्या माहितीत हिच्याहून बरी दुसरी नाही.

चढवणे वेगळे, चालू करणे वेगळे

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दर बदलण्याचा निर्णय घेतला. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू होणार होता. जुन्या सवयीने वागलो असतो तर त्या मध्यरात्री आम्ही दोघे-तिघे जागत बसून बाराच्या ठोक्याला नवा कोड चढवला असता. त्याऐवजी दोन्ही दर आणि त्यांच्या लागू होण्याच्या तारखा असलेला कोड आठवडाभर आधीच चढवला. तो सर्व्हरवर होता, जुनाच दर लावत होता आणि तारखेची वाट पाहत होता. कोड सर्व्हरवर असणे आणि त्याचे वर्तन लोकांना दिसू लागणे या दोन घटना अशा वेगळ्या करता आल्या की मध्यरात्रीची गरज उरत नाही.

पण एक गोष्ट कॅनरीत सापडली म्हणून निभावले. सर्व्हरचे घड्याळ, जगभर रूढ असलेल्या रीतीप्रमाणे, जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे २२ तारीख सुरू होते तेव्हा त्या घड्याळात २१ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारखेची तुलना सर्व्हरच्या घड्याळाशी केली असती, तर पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या प्रत्येक बिलावर जुनाच कर लागला असता. एका हॉटेलच्या चाचणी खात्यात तारीख पुढे ढकलून पाहिल्यावर हे उघड झाले.

असे तारखेचे किंवा फ्लॅगचे स्विच उपयोगी असतात, आणि काम झाल्यावर ते काढले नाहीत तर पॉवर पेग होतात. आम्ही प्रत्येक फ्लॅगच्या शेजारी तो काढण्याची तारीख लिहितो आणि ती उलटली की चाचणीच नापास होते. गटात यावरून कुरकुर होते, आणि ती होऊ द्यावी.

आता किल्ल्यांविषयी थोडे. जे यंत्र सगळ्यांचा कोड बांधते आणि सर्व्हरवर चढवते त्याच्या हाती घराच्या साऱ्या किल्ल्या असतात. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी कोडच्या भांडारात बदल केलाच नव्हता. बिल्ड चालू असताना त्या यंत्रावरील एक फाइल त्यांनी क्षणभर बदलली, त्यामुळे कंपनीच्या अधिकृत सहीसह दूषित अद्ययावत आवृत्ती सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेली. मार्च २०२४ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील एक्सझेड या लायब्ररीत सापडलेले चोरदारही त्याच जातीचे होते: ते जागे करणारी बिल्डची ओळ सार्वजनिक भांडारात नव्हतीच, प्रकाशित गाठोड्यात तेवढी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले, म्हणून ते पकडले गेले. त्याच कोडपासून कोणीही, कुठेही बिल्ड केला तरी बाइटपर्यंत तेच गाठोडे निघाले पाहिजे, असा आग्रह डेबियनसारखे प्रकल्प धरतात त्यामागे ही भीती आहे. लहान गटाने निदान एवढे करावे की बिल्डच्या यंत्राला लागतील तेवढ्याच आणि थोड्या मुदतीच्या किल्ल्या द्याव्यात, आणि गट सोडून गेलेल्या माणसाच्या किल्ल्या त्याच दिवशी बंद कराव्यात.

हे सगळे एकदम करू पाहणारे गट महिनाभर साधनांची तुलना करत बसतात. आठ-दहा जणांच्या गटाला कुबरनेटिसची, म्हणजे अनेक सर्व्हरांवरील कंटेनर सांभाळणाऱ्या अवजड साधनाची, गरज बहुधा नसते. आम्ही अजून दोन साध्या सर्व्हरांवर आहोत. कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी आधी लॉकफाइल आणि आवृत्ती सांगणारे ते पान करायला सांगेन, कारण दोन्ही मिळून एका दिवसाचे काम आहे. त्यानंतर एका आज्ञेत होणारा डिप्लॉय, आणि त्याच्या सोबतच एका आज्ञेत होणारा रोलबॅक. रोलबॅकची तालीम करावी लागते. आम्ही महिन्यातून एकदा, काहीही बिघडलेले नसताना, मागे जाऊन पुन्हा पुढे येतो, आणि दर वेळी ते काम मागच्या वेळी न केलेल्या माणसाने करायचे असते. शुक्रवारी डिप्लॉय करू नये हा लोकप्रिय नियम आम्ही पाळत नाही. शुक्रवारची भीती वाटत असेल तर सोमवारीही वाटायला हवी. चवथीच्या आठवड्यात मात्र करत नाही, कारण तेव्हा हॉटेलवालेही फोन उचलत नाहीत.

एका जागी आमचे उत्तर अजून अपुरे आहे. बिले छापण्यासाठी हॉटेलच्या काउंटरवरील संगणकात एक छोटा साहाय्यक प्रोग्राम बसवावा लागतो आणि तो आमच्या सर्व्हरांसारखा आमच्या ताब्यात नसतो. तो आता सुरू होताना स्वतःची खूण आम्हाला कळवतो, त्यामुळे कोणत्या काउंटरवर काय आहे याची यादी दिसते. त्या यादीत मांद्र्याच्या एका हॉटेलसमोर गेले सात महिने एकच जुनी खूण आहे. तो संगणक बंदच केला जात नाही, त्यामुळे नवी आवृत्ती उतरून शेजारी पडून आहे आणि सुरू झालेली नाही. पुढच्या आठवड्यात आमच्यापैकी एक जण बसने तिकडे जाऊन तो बंद करून चालू करणार आहे.